त्रिनेत्री जीव व त्याचें वर्गीकरण

मृग बरसला म्हणजे पाथरीकडील काळ्या जमिनींत बांधालगत व गाडीवाटेच्या चाकोऱ्यांत पाणी सांचतें. अशा अल्पजीवी डबक्यांत महाराष्ट्रांत कधीं कधीं एक चमत्कारिक जीव आढळतो. पुढें ढालीसारखें कवच, मागें निमुळतें शेपूट व टोकास दोन लांब तंतु. कोणी यास बेडकाचें पिलू म्हणतो, कोणी कीड. कीड समजून डबक्यांत औषध ओतण्यापूर्वीं तो कोण, हें आपण पाहूं.

बेडकाच्या पिलास पाठीचा कणा असतो, यास नाहीं. याचें शरीर खंडांचें असून तो वेळोवेळीं कात टाकतो. म्हणून तो संधिपाद संघांतला. कीटकास पायांच्या तीनच जोड्या असतात. यास पस्तीस ते सत्तर. अर्थात् तो कीटक नसून खेकडा व झिंगा यांच्या कवचधारी उपसंघांतील होय. पायांनींच श्वासोच्छ्वास करितो म्हणून वर्ग ब्रँकिओपोडा, आणि पाठीवर कवच म्हणून गण नोटोस्ट्राका. यांतील ट्रायॉप्सिडी कुलांत दोनच प्रजाति आहेत. शेपटीच्या तंतूंमध्यें चपटी पट्टी असल्यास लेपिड्युरस, नसल्यास ट्रायॉप्स.

ट्रायॉप्स म्हणजे तीन डोळ्यांचा; दोन संयुक्त व एक साधा. पूर्वीं यास एपस, म्हणजे 'पायांवाचूनचा', म्हणत! तेंच नांव पाकोळी पक्ष्याच्या प्रजातीस असल्यानें तें सुटलें. 1955 सालीं लाँगहर्स्ट यांनीं ट्रायॉप्सच्या अनेक जाति चारांत आणिल्या व भारतांतील जीव ट्रायॉप्स ग्रॅनेरिअस या जातींत घातले. पुढें जनुकांच्या तपासांत या एका नांवाखालीं अनेक जाति दडल्याचें दिसूं लागलें आहे.

आतां शेतकऱ्याचा प्रश्न. कॅलिफोर्नियांत पाण्यांतच भात पेरितात; तेथें याचा एक भाऊबंद कोवळीं रोपें उपटतो व पाणी गढूळ करितो, म्हणून तो शत्रु. जपानांत लावणीचें भात असतें. तेथें तो तणाचे कोंब उपटतो, म्हणून मित्र. आमच्याकडील कापूस, ज्वारी, तूर, सोयाबीन हीं पिकें पाण्यांत उभीं नसतात. त्यांस याची भीति नाहीं. उलट तो डांसांच्या अळ्या खातो. तेव्हां औषधाचा पैसा वाचवावा.

डबकें आटलें कीं जीव मरतो; अंडीं मात्र वाळलेल्या मातींत कित्येक वर्षें टिकतात. उन्हाळ्यांत अशी मूठभर माती परातींत घेऊन तींत पावसाचें पाणी घालावें व मुलांसह रोज पाहावें. अंडीं असल्यास कांहीं दिवसांतच धडा डोळ्यांपुढें पोहूं लागेल.