जखमेवर हळद

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागातली कितीतरी माणसे दरसाल ऊसतोडीला जातात. दिवसभर हातात कोयता. हात घामेजलेला, कोयत्याला धार. एखाद्या वेळी कोयता निसटतो आणि बोटावर नाहीतर नडगीवर बसतो. रक्ताची धार लागते. फडात ओरडा होतो, "अगं, हळद आण, हळद दाब!" कोपीतून चिमूटभर हळद येते. ती जखमेत दाबली जाते. वर लुगड्याची चिंधी बांधली जाते.

ही रीत आजची नाही. आजीची, आजीच्या आजीची आहे. पण हळद हे औषध आहे का? असेल, तर डॉक्टर हळद का लावीत नाहीत? आम्ही हे सांगूच. पण त्याआधी हळदीवरून झालेला एक मोठा तंटा ऐका.

1995 सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या सरकारी कचेरीने एक पेटंट दिले. पेटंट म्हणजे काय? शेताचा जसा सातबारा, तसा शोधाचा कागद. ज्याच्या नावावर पेटंट, त्याला विचारल्यावाचून दुसऱ्याने तो शोध धंद्यात वापरायचा नाही. हे पेटंट तिकडच्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. आणि शोध कोणता? तर हळदीची पूड जखमेवर लावली किंवा पोटात दिली, म्हणजे जखम भरते! अर्ज करणारे दोघे होते, तेही भारतीय वंशाचेच.

हा कागद अमेरिकेपुरता होता. आपल्या चुलीपाशी कोणी अडवायला येणार नव्हते. पण आपल्या माजघरातली वस्तू दुसऱ्याच्या नावावर चढली, हे खरे.

त्या वेळी दिल्लीच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर. हे गोव्यातल्या माशेल गावचे. गरिबीत वाढले, मुंबईत आईने कष्ट करून शिकविले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही ते संचालक होते. त्यांच्या परिषदेने 1996 साली त्या कचेरीकडे फेरतपासणी मागितली. "आमच्याकडे सगळेच लावतात हो," एवढे सांगून तिथे भागत नव्हते. लिहिलेले, छापलेले दाखवा, असा कायदा. मग शोधाशोध झाली. संस्कृत, उर्दू, हिंदीतली जुनी पुस्तके निघाली, काही तर शंभर वर्षांहून जुनी. 1953 साली भारतीय डॉक्टरांच्या मासिकात आलेला एक लेख निघाला. असे 32 लेखी पुरावे पुढे ठेवले. 1997 सालच्या ऑगस्टमध्ये कचेरीने मान्य केले की यात नवे काही नाही, आणि पेटंट रद्द केले. कोट्यवधी बाया जे रोज करीत होत्या त्याची साक्ष चालली नाही. चालली ती कुणीतरी लिहून ठेवलेल्या चार ओळींची.

पुढे 2001 साली सरकारने आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतली औषधे संगणकावर उतरविण्याचे काम सुरू केले. ही माहिती पाच परदेशी भाषांत केली आहे. पेटंट देणारे अधिकारी ती आधी बघू शकतात.

आता एक बारीक गोष्ट ध्यानात घ्या. त्या निकालाने काय ठरले? हळदीचा वापर जुना आहे, एवढेच. हळदीने जखम लवकर भरते की नाही, ते काही तिथे ठरले नाही. जुने असणे वेगळे आणि गुणकारी असणे वेगळे.

मग ते ठरवायचे कसे? त्यासाठी जखम कशी भरते ते पाहू. कातडी फाटली की रक्त वाहते, मग साकळते आणि भोक बुजवते. नंतर ती जागा लाल होते, गरम होते, सुजते, ठणकते. आपण घाबरतो. पण ही सूज म्हणजे शरीराची राखण असते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात, जंतू मारतात, घाण साफ करतात. मग तळातून नवे मांस येते, कडेची कातडी आत सरकते, खपली पडते. वरून भरलेली जखम आतून घट्ट व्हायला कित्येक महिने लागतात.

म्हणजे बघा, जखम अंगच्याच बळाने भरत असते. वर राख लावा, हळद लावा, नाहीतर काहीच लावू नका. पुष्कळ जखमा भरतातच. आणि जे लावले होते त्याला श्रेय मिळते! इथेच गफलत होते. शेतकऱ्याला हे चटकन कळेल. नवे बियाणे आले, तर आपण सगळे रान त्यात घालीत नाही. एका वाफ्यात जुने, शेजारच्या वाफ्यात नवे. माती एक, पाणी एक. मग तुलना. राहुरीच्या कृषी विद्यापीठात वाणांची पारख अशीच करतात, आणि औषधाचीही रीत हीच. आधी प्रयोगशाळेत, मग जनावरांवर, मग थोड्या निरोगी माणसांवर, मग पुष्कळ रोग्यांवर. निम्म्यांना नवे औषध, निम्म्यांना जुने. कोणाला काय दिले ते शक्यतो रोग्यालाही सांगत नाहीत आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. यात वर्षे जातात.

या वाटेने पार पडलेली गोळी म्हणजे ॲस्पिरिन. युरोपात ताप आणि दुखण्यावर विलो नावाच्या झाडाची साल घेत. सालीतला गुण शोधत शोधत 1897 साली जर्मनीत बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी हे औषध शुद्ध रूपात बनविले. ते दुखणे का थांबवते, हे मात्र 1971 साली इंग्लंडचे जॉन व्हेन यांनी दाखविले. इजा झाली की शरीर एक द्रव्य तयार करते, त्याने सूज आणि ठणका वाढतो. गोळी ते द्रव्य बनू देत नाही. पण तेच द्रव्य जठराच्या अस्तराला सांभाळते. म्हणून अशा गोळ्या उपाशीपोटी, रोजच्या रोज घेतल्या तर पोटात व्रण पडतो, मूत्रपिंडालाही इजा होते. ॲस्पिरिनने रक्त साकळायला वेळ लागतो, तेव्हा वाहत्या जखमेवर ती आपल्या मनाने घेऊ नये. याच जातीचे डायक्लोफेनॅक गुरांना देत. ती मेल्यावर गिधाडांनी खाल्ली आणि गिधाडेच मरू लागली, आकाश रिकामे झाले. 2006 साली ते जनावरांसाठी बंद केले.

हळदीतले पिवळे द्रव्य 1815 सालीच वेगळे काढले गेले. प्रयोगशाळेत ते सूज कमी करते. पण पोटात घेतले तर रक्तात फार थोडे उतरते. अभ्यास चालू आहे. आणि डब्यातली हळद म्हणाल, तर ती निर्जंतुक नसते. बाजारच्या हळदीत कधी शिशाचा रंग मिसळलेला सापडतो. खोल जखमेत ती भरू नये, असेच आम्ही सांगू. चुना, तंबाखू, राख आणि शेण तर मुळीच नको. मातीत आणि शेणात धनुर्वाताचे जंतू असतात.

दुखते हेही कधी बरे असते. जामखेडला 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी आरोग्याचे काम सुरू केले. गावच्याच बायांना शिकवून आरोग्यसेविका केले. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती. त्या कुष्ठरोग्यांच्या जखमाही बघत. कुष्ठरोगात पाय बधिर होतो. काटा रुतला तरी कळत नाही, माणूस त्याच पायावर चालत राहतो, जखम चिघळते. साखरेच्या आजारातही तसेच होते. अशांनी रोज रात्री तळपाय डोळ्यांनी तपासावा.

कोयता लागला तर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा. रक्त थांबल्यावर जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा. जखम खोल असली, रक्त थांबत नसले किंवा बोट हलत नसले, तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. ते कोणत्या तारखेला घेतले हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टर ते विचारतात.