लाईट गेली, हिशोब कुठं गेला?



समजा, बैठक झाली. दहा जणींची बचत, कर्जाचे हप्ते तुम्ही संघाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर भरत बसलात. तासाभराचं काम झालं आणि लाईट गेली. परत आली तर पान कोरं! एका ताईचा हजाराचा हप्ता दिसतच नाही. ती म्हणते, "मी तर भरला." वाद इथूनच सुरू होतो. मग लिहिलेलं गेलं कुठं?

सतरंजी आणि पेटी

बैठकीत आपण पेटीतून लागेल तेवढीच वही काढून सतरंजीवर उघडतो. कॉम्प्युटरची सतरंजी म्हणजे रॅम आणि पेटी म्हणजे हार्ड डिस्क. रॅमवर काम झटपट होतं, पण ती विजेवरच जगते. तिच्यात अब्जावधी बारीक कप्पे असतात. कप्प्यात वीज भरलेली असली तर १, नसली तर ०. हे कप्पे पाझरत्या माठासारखे असतात, म्हणून कॉम्प्युटर ते सेकंदाला पंधरा-सोळा वेळा पुन्हा भरतो. वीज गेली की माठ कोरडा. पेटीतलं मात्र विजेशिवायही टिकतं. 'सेव्ह' करणं म्हणजे वही पेटीत ठेवणं.

कनवटीचे पैसे

भाजी घ्यायला दर वेळी पेटी उघडतो का? सुटे पैसे कनवटीला असतात. प्रोसेसरजवळही अशीच छोटी, फार वेगवान मेमरी असते. तिचं नावही कॅश! ती महाग असते, म्हणून थोडीच असते.

जागा किती लागते?

आठ खुणांचा (० किंवा १) एक बाईट. इंग्रजी अक्षराला १ बाईट लागतो, मराठीच्या साध्या अक्षराला बहुधा ३. म्हणजे 'बचत' लिहायला ९ बाईट. तरी गटाचा वर्षाचा लेखी हिशोब मोबाईलच्या एका फोटोपेक्षा कमी जागेत मावतो. फोन भरला तर आलेले व्हिडिओ काढा, हिशोब नको. दुकानदार '४/६४' म्हणाला, तर ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण.

गट आणि संघासारखंच

पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक बनवला. त्यात अनेक प्रोसेसर होते. प्रत्येकाची मेमरी वेगळी, आणि एकमेकांना निरोप देऊन सगळे मिळून एकच काम करायचे. आपल्या गटांच्याही वह्या वेगळ्या, पण संघ एकच ना!

आजपासून एवढं करा

१. दर दोन-तीन नोंदींनंतर कंट्रोल आणि एस ही बटणं एकत्र दाबा.
२. महिन्याला हिशोबाची दुसरी प्रत पेन ड्राईव्हवर घ्या. तो ऑफिसात नको, दुसरीकडे ठेवा.
३. वहीतली नोंद आणि सही बंद करू नका.

पुढच्या बैठकीत एकीने हे बाकीच्यांना समजावून सांगा. हिशोब सगळ्यांचा आहे, तो सांभाळायचं ज्ञान एकट्या सचिव ताईकडे कशाला?