भयपटाचा रसिक आणि दुय्यम पात्र

कथारसिकाची स्मृती नायकापाशीच थांबते असे नाही. एकोणिसाव्या शतकातील लखनौमध्ये चौकांत, खाजगी बैठकींत आणि अफूखान्यांत दास्तान सांगितली जाई. नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’त प्रतिष्ठा अमीर हमजाच्या पक्षाची आहे, कथेला गती मात्र सोंगे घेऊन जादूगारांना फसविणारा त्याचा साथीदार अम्र ऐयार देतो.

हीच प्रवृत्ती मुंबईत निर्माण झालेल्या हिंदी भयपटांच्या चाहत्यांत आढळते. तुलसी व श्याम रामसे यांच्या ‘पुराना मंदिर’ (१९८४) या चित्रपटाचा नायक मोहनीश बहल. जगदीप, सदाशिव अमरापूरकर यांसारखे नट साहाय्यक भूमिकांत होते. परंतु मनात ठसला तो सामरी हा सैतान. ती भूमिका करणारे अनिरुद्ध अग्रवाल हे रुरकी येथे शिकलेले अभियंते होत. रामसे बंधूंच्या १९८५ मधील एका चित्रपटाचे नावच ‘सामरी’ होते.

दोहोंत एक भेदही आहे. श्रोत्यांची आवड ओळखून दास्तानगो ऐयाराचा प्रसंग तेथेच वाढवू शके. चित्रपटातील नटाला ही सोय नाही. त्याचे काही क्षणांचे दर्शन कायमचे ठरलेले असते. ते वाढविण्याचे काम चाहत्याची स्मृती करते. चित्रपटाचा इतिहास बहुधा नायक व दिग्दर्शक यांच्या नावांनी लिहिला जातो. त्यात न मावणाऱ्या कलावंतांचा शोध घ्यावयाचा, तर या आवडीला भाबडेपणा न मानता ती अभ्यासाचे साधन मानणे अगत्याचे आहे.