काळी मुसळी : रानातली आणि वाफ्यातली

मृगाचे चार-दोन पाऊस पडून गेले, की रायपूरच्या दक्षिणेस धमतरी, नगरी-सिहावा व गरियाबंद या भागांतील सालवनांच्या तळाशी एक लहानशी वनस्पती जमिनीतून वर येते. तिची पाने अरुंद, लांब व उभ्या घड्यांची असतात; दुरून पाहणाऱ्यास ते ताडाचे किंवा शिंदीचे नुकतेच रुजलेले रोप वाटावे. या साम्यावरूनच संस्कृत ग्रंथकारांनी तिला ‘तालमूली’ म्हटले, आणि केरळातही ‘निलप्पना’ म्हणजे ‘भुईताड’ हेच नाव रूढ झाले. मराठी व हिंदी भाषकांनी मात्र पानांकडे न पाहता जमिनीखालच्या भागाकडे पाहिले. मुसळासारखा सरळ, गोल व वरून काळपट असा तो भाग. म्हणून ती काळी मुसळी.

तिचे फूल पिवळेजर्द असते. सहा पाकळ्यांची ही चांदणी इतकी भुईसरपट असते, की पालापाचोळा बाजूला सारल्यावाचून ती पुष्कळदा दिसत नाही. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढील सारे विवेचन तिच्यावर अवलंबून आहे. फुलाचा देठ म्हणून जो भाग दिसतो तो वस्तुतः देठ नसून फुलाचीच लांबलेली चोच होय. खरा देठ अगदी आखूड असून पानांच्या तळाशी आवरणात दडलेला असतो, आणि बीज जेथे तयार व्हावयाचे तो किंजपुटही तेथेच, मातीच्या पातळीला किंवा तिच्या किंचित खाली असतो. परिणामी फळ उघड्यावर येतच नाही. त्यातील बिया थोड्या, काळ्या व तकतकीत असतात. प्रत्येकीला एक बारीक चोच असते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ गेर्टनर याने १७८८ मध्ये या वनस्पतीला ‘कर्क्युलिगो ऑर्किऑइडिस’ हे शास्त्रीय नाव दिले. त्यातील पहिला शब्द सोंडकिड्याच्या लॅटिन नावावरून आला आहे. जुन्या पुस्तकांत तिचा समावेश अ‍ॅमारिलिडेसी कुलात केलेला आढळतो. आता ती हायपॉक्सिडेसी कुलात गणली जाते.

ही बहुवर्षायू वनस्पती असली तरी वर्षभर दिसत नाही. पाऊस सरून थंडी पडली, की पाने पिवळी पडून वाळतात आणि उन्हाळाभर ती केवळ जमिनीखाली जिवंत असते. तेथील तिचा मूलक्षोड सरळ खाली जातो. जुन्या झाडाचा वीतभर किंवा त्याहूनही लांब भरतो. त्याला बाजूंनी जाडसर मुळ्या फुटतात. साल काळपट तपकिरी, आतील गर पांढुरका. चव आरंभी किंचित गोडसर व बुळबुळीत, मागाहून कडवट.

काळी व पांढरी अशा दोन मुसळ्या बाजारात असल्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. त्या एकाच वनस्पतीच्या दोन जाती नव्हेत. पांढरी किंवा सफेद मुसळी ही निराळ्या कुलातील, पांढऱ्या फुलांची वनस्पती असून तिच्या शास्त्रीय नावात मुंबईजवळच्या बोरिवलीची आठवण जपलेली आहे. तिच्या बुडाशी बोटांसारख्या मुळांचा झुबका असतो. त्यातील काही बोटे काढून घेऊन डोळ्यासह उरलेली चकती पुन्हा मातीत लावता येते. काळ्या मुसळीला असा झुबका नाही. तिचा एकच खुंट आहे, आणि तो उपटला की सारे झाडच हाती येते.

भावप्रकाशाने तालमूलीला वृष्य, बृंहण, जड व रसायन म्हटले असून मूळव्याध व वातविकार यांवर तिचा उपयोग सांगितला आहे. छत्तीसगढच्या खेड्यांतील बैगा, म्हणजे गावचे पारंपरिक वैदू, तिला आजही ओळखतात. वाळवलेल्या मुळाचे चूर्ण दुधाबरोबर देणे ही सर्वत्र आढळणारी रीत. ताज्या मुळाचा लेप कातडीच्या विकारांवर लावतात. केरळात ती दशपुष्पे या दहा पवित्र वनस्पतींपैकी एक आहे. या वनस्पतीची कीर्ती हिमालयापलीकडेही गेली होती. चिनी वैद्यकाच्या परंपरेत अशी कथा आहे, की इ. स. ७१३ मध्ये एका भारतीय ब्राह्मण भिक्षूने हे औषध तांग सम्राटाला अर्पण केले. त्यामुळे चीनमध्ये तिला ‘ब्राह्मणांचे जिनसेंग’ असेही एक नाव पडले. तेच चिनी वैद्य मात्र तिला किंचित विषारी समजतात, आणि वापरण्यापूर्वी मूळ तांदळाच्या धुवणात भिजत ठेवण्याची जुनी पद्धत त्यांच्यात आहे. भाताचे कोठार म्हणून ज्याची ख्याती त्या छत्तीसगढात तांदळाच्या धुवणाला तोटा नाही. पण मुद्दा तो नव्हे. ‘वनौषधी म्हणजे निरुपद्रवी’ हा जो समज शहरांतून बळावला आहे, त्याला या जुन्या सावधगिरीने छेद मिळतो, हे महत्त्वाचे. आधुनिक संशोधकांनी मुळातून कर्क्युलिगोसाइड इत्यादी द्रव्ये वेगळी केली आहेत, तथापि बहुतेक प्रयोग प्रयोगशाळेतील प्राण्यांवरचे आहेत. शक्तिवर्धक म्हणून तिची जी भडक जाहिरात चालते, तिला या प्रयोगांचा आधार पुरेसा नाही. गर्भवती स्त्रियांनी व दीर्घ आजाराच्या रुग्णांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून ती घेऊ नये.

मागणी वाढली तशी रानातील खोदाई वाढली. खोदाईचा हंगाम संग्राहकाच्या लहरीवर ठरत नाही. पाने वाळून गेल्यावर झाड सापडणेच अशक्य. म्हणून पाने उभी आहेत तोवर, म्हणजे पावसाच्या उत्तरार्धात व त्यानंतरच्या थोड्या आठवड्यांतच, पहार घेऊन निघावे लागते. नेमका हाच काळ फळे पिकण्याचा. आणि फळ मातीच्या पातळीला दडलेले असल्यामुळे मूळ खणून काढताना बीही त्याबरोबर निघून येते. आंबा, चारोळी किंवा मोह यांचे फळ वेचून नेले तरी झाड मागे राहते. येथे झाड आणि त्याची पुढची पिढी ही दोन्ही एकाच टोपलीत पडतात. मुळातच बिया थोड्या, त्यांची उगवण बेभरवशाची. वनोपजावर गुजराण करणाऱ्या कुटुंबाला याचा दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. २००६ च्या वनाधिकार कायद्याने परंपरेने वनोपज गोळा करणाऱ्यांचा त्यावरील हक्क मान्य केला. परंतु व्यापारी वजनावर पैसे मोजतो, आणि जून झाडाचे वजन अधिक. जे झाड सर्वांत जास्त प्रजा निर्माण करील तेच प्रथम खणले जाते.

रायपूर हे छत्तीसगढातील वनोपजाच्या व्यापाराचे जुने केंद्र. नागपूरकर भोसल्यांची सत्ता या प्रदेशावर १८५४ पर्यंत होती आणि त्या काळापासून स्थिरावलेली मराठी कुटुंबे येथे आहेत. त्यांच्या घरांतही ‘काळी मुसळी’ हा शब्द औषधाच्या डब्यापुरता तरी परिचित असतो. १९८७ मध्ये येथे इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय स्थापन झाले. नोव्हेंबर २००० मध्ये नवे राज्य अस्तित्वात आल्यावर वनौषधींच्या लागवडीला सरकारी पातळीवर प्रोत्साहन मिळू लागले. त्या सुमारास सफेद मुसळीचे वेड येथील व विदर्भातील शेतकऱ्यांना लागले होते. त्यात एक मेख होती. पैसा बव्हंशी औषधी मालात नव्हे, तर बेणे विकण्यात होता. एकाने दुसऱ्यास, दुसऱ्याने तिसऱ्यास चढ्या दराने बेणे विकले; बेणे घेणारा नवा शेतकरी मिळेनासा झाला तेव्हा दर कोसळले आणि अनेकांचे पैसे बुडाले. काळ्या मुसळीची लागवड करू पाहणाऱ्याने हा इतिहास विसरू नये.

लागवडीचे तंत्र अवघड नाही. छत्तीसगढी शेतकरी जमिनीचे भाटा, मटासी, डोरसा व कन्हार असे चार मुख्य प्रकार मानतो. मुरमाड भाट्यात ओल टिकत नाही; काळ्या चिकण कन्हारात पावसाळ्यात पाणी साचून मूळ कुजते. पिवळसर, मध्यम पोताची मटासी, तीत भरपूर कुजलेले शेणखत व पानांचे खत मिसळून, सर्वांत सोयीची. रायपूरला वर्षाकाठी बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो व त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबरमध्येच येतो. म्हणून वाफे गादीसारखे उंच करावेत. उघडे ऊन या झाडाला मानवत नाही. आंब्याच्या किंवा आवळ्याच्या बागेतील विरळ सावली उत्तम; ती नसल्यास तुरीच्या ओळींमध्ये वाफे घालावेत. बांधावर तूर लावण्याची रीत येथे आहेच.

बेण्यासाठी मूलक्षोडाचे दीड ते दोन सेंटिमीटर लांबीचे तुकडे करतात. शेंड्याकडील डोळ्याचा तुकडा लवकर फुटतो, खालचे तुकडे सावकाश. पहिल्या पावसाबरोबर दहा-दहा सेंटिमीटर अंतरावर ते लावून वर पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. तण काढण्यात हयगय चालत नाही, कारण गवत व मुसळीची पाने पहिल्या महिन्यात सारखीच दिसतात. अनोळखी मजूर तणाबरोबर पीकही उपटतो. सात-आठ महिन्यांनी काढणी करता येते; दुसरा पावसाळा जाऊ दिल्यास मूळ अधिक भरते. काढल्यावर मुळ्या तोडून, स्वच्छ धुऊन, तुकडे सावलीत खडखडीत वाळवावेत. अर्धवट वाळलेल्या मालाला बुरशी धरते.

खरी अडचण बेण्याची आहे, आणि ती साध्या त्रैराशिकाने कळते. दहा सेंटिमीटर अंतराने एका चौरस मीटरला शंभर तुकडे लागतात. म्हणजे एकराला चार लाख. वाफ्यांमधल्या वाटा वगळल्या तरी तीन लाख. एका मुळाचे चार-पाच तुकडे होतात असे धरले, तर एका एकरासाठी रानातील साठ-सत्तर हजार झाडे खणावी लागतील. ज्या लागवडीने रानावरचा भार हलका व्हावा, तिनेच पहिल्या वर्षी रान ओसाड करावे असा हा विपरीत प्रकार होईल. यास्तव आरंभ एकराने करू नये. रायपूरकडे जमीन डिसमिलमध्ये, म्हणजे एकराच्या शतांशात मोजतात. सुरुवातीला त्या डिसमिलचाही एक तुकडा, तीन चौरस मीटरचा वाफा, पुरेसा आहे. त्याला तीनशे तुकडे, म्हणजे साठ-सत्तर मुळे लागतील. प्रत्येक तुकड्यापासून पुढील हंगामात तीन तुकडे मिळाले, तर तीनशेचे नऊशे, नऊशेचे सत्तावीसशे होतात. एकर भरावयास सहा-सात वर्षे लागतात. तेवढा धीर फार थोड्यांना असतो, हे खरे.

निसर्गाने या कामी एक आडवाट ठेवली आहे. काळ्या मुसळीचे पान वाकून त्याचे टोक ओल्या मातीला टेकले, की तेथे मुळे फुटून एक इवलीशी कंदिका तयार होते व तिच्यापासून स्वतंत्र रोप उगवते. वाफ्याकाठची माती भुसभुशीत व ओलसर ठेवून पानांची टोके हलकेच दाबून ठेवल्यास, मूळ न खणता रोपे वाढविता येतात. पानांच्या तुकड्यांपासून ऊतिसंवर्धनाने रोपे करण्याचे प्रयोगही यशस्वी झाले आहेत. रानातून गोळा करणाऱ्यालाही हेच तत्त्व उपयोगी पडते : मूळ काढल्यावर शेंड्याचा दोन सेंटिमीटरचा तुकडा पानांसह कापून त्याच खड्ड्यात परत ठेवावा, वर माती लोटावी आणि आवरणात दडलेले फळ हाताने मोकळे करून तेथेच टाकावे. यास अर्धे मिनिटही लागत नाही. पहारीच्या एका घावाने होणारा खड्डा उघडाच राहिला तर मात्र पुढच्या मृगात तेथे गवत असते.