शिक्षकाचें काम : बालवर्गापासून वरच्या वर्गापर्यंत

आमच्या पुलगांवास वर्धा नदीवरील रेल्वेच्या पुलावरून नांव मिळालें, असें सांगतात. आगगाडींत बसून जाणाऱ्यास पुलाचा वरचा भाग दिसतो. पाण्याखालीं गेलेला पाया दिसत नाहीं. शिक्षकांच्या कामासंबंधानेंही असेंच घडतें. मुलगा दहावी उत्तीर्ण झाला म्हणजे वरच्या वर्गाच्या शिक्षकांकडे पेढे पोहोंचतात. ज्या बाईंनीं त्याचा हात धरून पहिलें अक्षर गिरवून घेतलें, त्यांची आठवण क्वचितच होते. लहान मुलांस शिकविणें हें सोपें काम, असा समज याच्या मुळाशीं आहे. तो कितपत बरोबर आहे, हें पाहूं.

बालवर्गांतील मुलें तीन ते सहा वर्षांचीं असतात. त्यांच्यापुढें पुस्तक ठेवून उपयोग नाहीं. गोष्ट, गाणें, माती, बिया, रंगीत मणी हींच तेथील पाठ्यपुस्तकें. कोणास नीट ऐकूं येत नाहीं, कोण उपाशीं आलें आहे, हें मुलानें न सांगतां ओळखावें लागतें. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें हें काम आरंभिलें. मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेण्यांत आली.

प्राथमिक वर्गांत एकच शिक्षक बहुधा सर्व विषय शिकवितात. हातचा कसा धरावा, हें एका मिनिटांत सांगतां येतें. तो कां धरावयाचा, हें समजावून देण्यास मात्र वेळ लागतो. २७ व १५ यांची बेरीज करतांना सुट्या काड्या १२ होतात. त्यांतील १० काड्यांची जुडी बांधून ती इतर जुड्यांत ठेवली, कीं हातचा म्हणजे काय तें मुलाच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. हें येथें राहून गेलें, तर आठवींत बीजगणित अडतें, आणि दोष आठवीच्या शिक्षकांवर येतो. म्हणूनच २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें पहिली ते पांचवीसाठीं ३० मुलांमागें एक व सहावी ते आठवीसाठीं ३५ मुलांमागें एक शिक्षक असें प्रमाण ठरविलें.

शिक्षकाच्या कामाचा मोठा विचार आमच्याच जिल्ह्यांत झाला आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्धा येथें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली. नंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनें मातृभाषेंतून व हस्तोद्योगाच्या द्वारें द्यावयाच्या सात वर्षांच्या शिक्षणाची योजना आंखली. सूत कातणाऱ्या मुलानें १६० तारांची एक लट व चार लटींची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी मोजावी. त्यांतच त्याचा गणिताचा पाठ होई. अशा शिक्षकास कातणें, हिशेब व मुलाचें मन हीं तिन्ही जाणावीं लागत. पुढें १९४५ सालीं सेवाग्राम येथें ही योजना पूर्वबुनियादी, बुनियादी, उत्तरबुनियादी व प्रौढशिक्षण अशा चार पायऱ्यांपर्यंत वाढविण्यांत आली.

माध्यमिक वर्गांत विषयागणिक शिक्षक बदलतात. येथें शिक्षकास विषयाचें सखोल ज्ञान हवें. पण तेवढ्यानें भागत नाहीं. सिद्धान्त पाठ म्हणणाऱ्यास ते 'असें कां?' म्हणून विचारतात. निबंधांतील चूक स्वतः न सुधारतां तिच्याखालीं नुसती रेघ ओढतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलास चारचौघांत बोललेला एक शब्द वर्षभर सलतो, हेंही त्यांस जपावें लागतें. उच्च माध्यमिक वर्गांत शिक्षक आणखी एक पाऊल मागें सरतात व विद्यार्थ्यास ग्रंथालयाची व प्रयोगशाळेची वाट दाखवितात.

सारांश, जसजसें वर जावें तसतसें विषयाचें ज्ञान अधिक लागतें. जसजसें खालीं यावें तसतसें मुलाचें ज्ञान अधिक लागतें. यांत उच्चनीच कोणतें? पालकांस आमची विनंति एवढीच, कीं निकाल लागल्यावर तक्रार घेऊन येण्यापेक्षां वर्षाच्या आरंभींच मुलाच्या शिक्षकांस भेटावें. मूल बालवर्गांत असेल तर अवश्य भेटावें. आणि विद्यार्थिमित्रहो, यंदा पेढे वांटाल तेव्हां पहिला पेढा आपल्या पहिल्या बाईंच्या हातीं द्या.