बेपत्ता, मृत, युद्धकैदी : शब्दाचा अर्थ आणि उत्तरदायित्व



शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो, हे आपण मागील घटकात पाहिले. काही वेळा मात्र शब्दच माणसाचे कायदेशीर अस्तित्व ठरवितो. १९७१ च्या भारत-पाक युद्धातून परत न आलेल्या ५४ भारतीय सैनिकांविषयीचा वाद हे त्याचे उदाहरण होय. सिमला कराराच्या (२ जुलै १९७२) पुढील काळात सुमारे ९३,००० पाकिस्तानी बंदी मायदेशी परतले. हे ५४ जण आले नाहीत.

त्यांच्यासाठी वापरले गेलेले तीन शब्द पाहा. 'बेपत्ता' या शब्दात 'बे' हा फारसी अभावदर्शक उपसर्ग आहे. येथे केवळ अभाव सांगितला जातो, दुसरा पक्ष सूचित होत नाही. 'मृत' या शब्दाने प्रश्नच मिटतो. 'युद्धकैदी' या सामासिक शब्दात मात्र कैद करणारा कोणीतरी गृहीत असतो, आणि तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या (१९४९) कलम ११८ प्रमाणे प्रत्यक्ष लढाई थांबताच कैद्यांना विनाविलंब मुक्त करणे त्याच्यावर बंधनकारक असते. वादाचा गाभा या शब्दनिवडीत आहे.

मेजर अशोक सुरी यांना आधी मृत मानले गेले होते. पुढे त्यांच्या वडिलांना कराचीहून १९७५ मधले पत्र मिळाले. हस्ताक्षराची खात्री पटल्यावर त्यांची नोंद 'बेपत्ता' अशी बदलण्यात आली. एका विशेषणाच्या जागी दुसरे आले, इतकेच. पण वडिलांच्या दृष्टीने पुत्र पुन्हा जिवंतांत आला. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे प्रकरणही असेच बोलके आहे. डिसेंबर १९७१ मध्ये 'पाकिस्तान ऑब्झर्व्हर'ने पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी दिली, तीत 'टॉम्बे' असे एक नाव होते. मराठी कानाला हे 'तांबे'चेच रूप वाटते. त्यांच्या पत्नी, राष्ट्रीय बॅडमिंटनपटू दमयंती तांबे, यांनी या वर्णविपर्यस्त नावाच्या आधारे अनेक वर्षे शोध चालविला.

१९७९ मध्ये लोकसभेत शासनाने पाकिस्तानी तुरुंगांतील ४० जणांची नावे सांगितली. आमच्याकडे एकही भारतीय युद्धकैदी नाही, अशी पाकिस्तानची भूमिका राहिली. २००७ मध्ये १४ नातेवाइकांनी तेथील तुरुंगांना भेट दिली. त्यांना आपले माणूस सापडले नाही.

पाकिस्तानचे हे नकारार्थी विधान बारकाईने वाचा. निषेध 'कैदी' या शब्दाचा आहे, की 'युद्धकैदी' या विशिष्ट वर्गाचा? एखादा मनुष्य अन्य आरोपाखाली बंदिस्त असता, तरी ते वाक्य तांत्रिक अर्थाने खरे ठरू शकले असते. हा केवळ अर्थाचा संभव आहे. व्याकरणाने पुरावा निर्माण होत नाही. संपर्कसत्रात विद्यार्थी हमखास विचारतात, "सर, मग खरे कोणाचे?" भाषाभ्यासकाकडे त्याचे उत्तर नसते. कोणत्या वाक्यात उत्तर देणाऱ्याला जागाच ठेवलेली नाही, हे मात्र तो दाखवू शकतो. 'मृत मानले गेले' या रचनेत 'जाणे' हे सहायक क्रियापद कर्त्याला वाक्याबाहेर ठेवते. दफ्तरी भाषेला ही रचना फार सोयीची असते.

स्वाध्याय : "संबंधित अधिकाऱ्यास मृत मानण्यात आले आहे." या वाक्यात कर्ता घालून त्याचे कर्तरी प्रयोगात रूपांतर करा. कर्ता म्हणून आपण कोणाला निवडले व का, हे पाच-सहा ओळींत लिहा.