शोषखड्डा कुठे खणायचा?

एनएसएसच्या कॅम्पला जाताना आपण काय काय भरतो? फावडी, घमेली, टेप, मेसमधून मागून आणलेली पातेली. गावाविषयी मात्र बसमध्ये बसल्यावर विचारतो. वर्षाच्या १२० तासांत ओळखवर्गही असतो, पण तो आपण टाळ्या नि गाण्यांत उरकतो.

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची गोष्ट. हातपंपाजवळ सांडपाणी साचत होतं. आम्ही पडलो सिव्हिलवाले! डम्पी लेव्हल लावली, उतार काढला आणि झाडाखाली शोषखड्ड्याची जागा पक्की केली. तिथे एक लाकडी फळी रोवलेली होती, वर चंद्र, सूर्य, वाघ कोरलेले. फावडी तिलाच टेकवली. लांब उभ्या असलेल्या एका आजोबांना सरांनी विचारलं, "इथे खणू ना?" ते म्हणाले, "तुझी मरजी."

आम्ही तो होकार धरला. दुसऱ्या दिवशी श्रमदानाला गावातलं कुणीच आलं नाही. आमच्यातला एक जण चिडला, "सरांना अरे-तुरे करतात, वर कामालाही येत नाहीत!"

त्या रात्री आमच्याच गटातला सुरगाण्याचा मुलगा बोलला. ती फळी म्हणजे वाघदेव. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला तिथे नैवेद्य दाखवतात, वाघाने गुरांना सांभाळावं म्हणून. 'तू' म्हणणं हा अपमान नाही, कोकणा बोलीत मोठ्या माणसालाही तसंच बोलतात. (आपणही आईला आणि विठोबाला तूच म्हणतो की!) आणि 'तुझी मरजी' हा नकार होता. आलेल्या पाहुण्याला तोंडावर 'नाही' कसं म्हणणार? त्यातून बाहेरून कागद घेऊन येणाऱ्या माणसाला नाही म्हणून उपयोग होतो, असा अनुभव तरी त्यांना कुठे आहे?

सकाळी आम्ही फावडी उचलली आणि जागा बायकांना विचारली. त्यांनी पावसाचं पाणी आपोआप जिरतं ती जागा दाखवली. पाइप थोडा जास्त लागला, एवढंच.

मोठ्या कामांची सुरुवातही अशीच झालेली दिसते. हेमलकसाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे आधी माडिया भाषा शिकले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दवाखाना कसा हवा, हे आदिवासींनाच विचारलं. मोठ्या इमारतीची त्यांना भीती वाटे, नातेवाइकांना रोग्याजवळ राहायचं असे. म्हणून शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांसारखा बांधला आणि त्याला त्यांच्या दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर डिझाइनच्या आधीचा सर्व्हे तो हाच, फक्त यात लेव्हल लागत नाही.

एक प्रश्न मात्र मला सलत होता. त्या मुलाने फळी पाहताक्षणी ओळखली होती. मग तो गप्प का बसला? विचारलं, तर म्हणाला, "फर्स्ट इयरला मेसमध्ये मी घरी फोनवर बोलत होतो. माझी बोली ऐकून सगळे हसले होते. तूही होतास."

होतो.

यंदा कॅम्पआधी दोन संध्याकाळी तोच कॉमन रूममध्ये वर्ग घेणार आहे. मार्गशीर्षात त्या भागात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो, तेव्हा कॅम्पची तारीख गावाला विचारूनच ठरवा, असं त्याने सरांना आधीच सांगितलंय. आणि पहिल्या दिवशी वही आणायची नाही, नुसतं ऐकायचं, असं आम्हाला बजावलंय.